नवी रोहिणी कोण

देवास,
बुधवार, १२ नोव्हेंबर २०२५

चि. नंदूस अक्काचा आशीर्वाद. तुझे गुडघे बरे असतील, माझे नाहीत, ते असो.

तर सगळ्यात आधी आले ते बापूसाहेब. धारचे गं, आपल्या लोकांतली निम्मी लग्नं ज्यांनी जुळवली ते. रविवारी सकाळी दारातूनच ओरडले, "अक्का, पोहे टाका! देवश्रीला बघायला पाहुणे येताहेत, बदनावरहून निघालेत." एवढं सांगून जे पंख्याखाली बसले ते बसलेच. आता बापूसाहेब पाहुणे आणणार म्हणजे स्थळच की. सूनबाई नेमकी माहेरी खांडव्याला गेलेली, तेव्हा सगळं माझ्याच अंगावर. नातीला माझी जांभळी माहेश्वरी नेसवली. ती फणफणली, "आजी, मुझे नहीं करनी शादी, माझं बी.कॉम. राहिलंय." मी म्हटलं, "बघू दे तर खरं, बघून कुणी उचलून नेत नाही."

दोघंच आले. अमन म्हणून एक मुलगा आणि त्याची बहीण प्रियांका. आईबापांचा पत्ता नाही. आणि त्या प्रियांकाच्या अंगात काय होतं सांगू? निळा कोट, खांद्यावर चांदीचे सात तारे. नंदू, तुझा कोट! 'नक्षत्र चौकी'तला, टीव्हीवर तू घालायचीस तो! पोह्यांवर जिरावणाचा मसाला भुरभुरवत होते, सगळी पुडी एका बशीत गेली.

देवश्री डोक्यावरून पदर घेऊन ट्रे घेऊन आली, तर ती मुलगी म्हणते कशी, "जरा उजेडात उभी राहा ना. हां, आता डावी भुवई वर कर." अगं, मला बघायला आले होते तेव्हा चालायला लावलं होतं, सुईत दोरा ओवायला लावला होता. पण भुवई? मी म्हटलं, "बाई, भुवईचं काय काम? पुरणपोळी येते तिला." तेव्हा बापूसाहेबांना हसून हसून ठसका लागला. लबाडाला सगळं ठाऊक होतं.

मग अमनने समजावलं. तुझ्या 'नक्षत्र चौकी'च्या आधीची गोष्ट आता नव्याने काढताहेत. कमांडर रोहिणी त्या आभाळातल्या चौकीवर जायच्या आधी, वीस वर्षांची असताना काय झालं, ते. तुला कळलं असेलच, पण तू कुणाचा फोन उचलत नाहीस म्हणे. नवी रोहिणी कोण, ते कंपनीने सांगितलेलं नाही. पण तुझे चाहते दम धरतात होय? मोबाइलवर देशभरातल्या माणसांची पंचायत भरलीय. कुणी म्हणतो दिल्लीची अमकी घ्या, दुसरा म्हणतो तिचे दात रोहिणीचे नाहीत. आणि तो पत्र्याचा यंत्रमानव होता ना, भोलू? त्याच्यावरून ही सख्खी भावंडं आठ दिवस बोलत नव्हती. हा म्हणतो जुनाच डबा रंगवा, ती म्हणते नवा करा. मी म्हटलं, "अरे भिया, आमच्यात सून आणताना एवढा विचार करत नाहीत."

तर त्या पंचायतीत कुणीतरी आपल्या देवश्रीचा फोटो टाकला. गणपतीत समाजाच्या हॉलमध्ये नाटक झालं होतं त्यातला. शेजारी तुझा. खाली लिहिलं, 'नयी रोहिणी मिल गयी.' हजारो लोक हो हो म्हणाले! कंपनीतल्या एका ओळखीच्याने ते बघून प्रियांकाला कळवलं, मुलीचं थोडं काम कॅमेऱ्यात घेऊन पाठवा, आणि या दोघांनी आपलं घर शोधायला बापूसाहेबांना गाठलं. नंदू, मला नाचावंसं वाटलं. आपल्या घरची पोर! मी सगळ्यांना पुन्हा पोहे वाढले. देवश्री तर साडी सावरायचं विसरून भुवया उडवत सुटली.

मग अमनने तो फोटो मला दाखवला. चष्मा लावून बघितला, चष्मा पुसून पुन्हा बघितला. रोज डोळ्यांसमोर असलेलं माणूस आपण कुठे बघतो? शेजारी शेजारी ठेवल्यावर दिसलं.

"आजी, ये देखो," तो बोटांनी फोटो मोठा करून म्हणाला, "कानाच्या पुढे हे बारीक भोक, टोचलेलं नाही, जन्मापासूनचं. मॅडमना आहे, देवश्रीला पण आहे. लोक म्हणतात ही मॅडमची सख्खी नात."

मी हसले. "अरे, बहिणीची नात म्हणजे नातच."

"पर आपके कान में तो नहीं है."

केवढे डोळे गं या पोरांना! लेकीचं कौतुक ऐकत वीरू तेव्हा पाण्याचा जग घेऊन दारात उभा होता. त्याचा हात आपला कानाशी गेला. उजव्या.

तेवढ्यावर थांबले असते तर मी निभावून नेलं असतं. पण ती प्रियांका म्हणाली, "मॅडमचे सगळे फोटो आहेत आमच्याकडे. अठराव्या वर्षाचे आहेत, एकविसाव्या वर्षाचे आहेत. विसाव्याचा एकही नाही, आणि नवी गोष्ट तर त्याच वयाची. म्हणून सगळे शोधताहेत, एकोणऐंशीत मॅडम होत्या कुठे? कुणी म्हणतं परदेशात, कुणी म्हणतं टायफॉइड झाला होता. आजी, तुम्हाला तर माहीत असेल?"

वीरू म्हणाला, "एकोणऐंशीत मी झालो."

सहज म्हणाला तो. बापूसाहेब एकदम बशीतले पोहे चिवडू लागले. मी खरकटी भांडी उचलली आणि आत गेले, आणि नळ सोडून उगाच उभी राहिले.

यंदा इकडे सोयाबीनला भाव नाही म्हणतात. थंडी पडू लागली आहे. मी हे काय लिहिते आहे बघ.

नंदू, पहिलटकरीण माहेरी जाते, तशी मी धारला मावशीकडे गेले आणि मूल घेऊन देवासला आले. कुणी विचारलंच नाही. विचारलंच नाही तर खोटं तरी कधी बोलणार? तू त्याला माझ्या ओटीत घातलंस, नारळ-तांदळांवर, आणि ओटीतलं परत मागायचं नसतं म्हणून तू कधी मागितलं नाहीस. त्याच्या मुंजीत मातृभोजनाला तो माझ्या ताटात जेवत होता, आणि तू मावशी म्हणून पंगतीत ताक वाढत होतीस. आमच्या पंगतीपाशी येऊन तू मागे फिरलीस, ते मी बघितलं होतं. आमचे हे गेले, तेही सगळं पोटात घेऊनच गेले.

रविवारपासून वीरूने मला काही विचारलेलं नाही. बँकेत जातो, येतो, जेवतो. रोज सकाळी "आई, चहा" म्हणायचा. आता नुसतं "चहा" म्हणतो.

देवश्रीला नाही म्हणून सांगू म्हटलं, तर ती दिवसभर आरशापुढे उभी. तिचं मन कसं मोडू? आणि तिचं चित्र एकदा सगळीकडे गेलं की लाखो माणसं तिच्या कानाची चर्चा करणार. वीरूला ते त्या पोरांच्या पंचायतीतून कळायला नको. आपल्या तोंडून कळू दे. एकटीने सांगायला माझा धीर होत नाही, आणि सांगायचं ते माझ्या एकटीचं नाही. तू ये. माझ्याशेजारी बस.

मला भीती कसली ते लिहूनच टाकते. तो तुला आई म्हणेल याची नाही गं, त्याचा आनंदच होईल, खरंच होईल. मला म्हणायचं सोडेल, याची आहे.

फोन केला असता, पण कानांमुळे मी केवढ्याने बोलते ते तुला माहीत आहे, आणि भिंतीपलीकडे वीरू असतो. म्हणून देवश्रीकडून पाकीट आणवून हे चौथीपर्यंतचं अक्षर पाठवते आहे. लागेल तसं वाच.

बावीस तारखेला चौथा शनिवार आहे, त्याची बँक बंद असते, तो दिवसभर घरी असतो. सूनबाईही तोवर येईल. पाहुणे कॅमेरा घेऊन दुसऱ्या दिवशी, रविवारी, परत येतो म्हणाले आहेत.

तुझी
अक्का