कॅनडाला बरोबर कोण

ग्रोनिंगन, नेदरलँड्स, ९ फेब्रुवारी २०२१

आज पुन्हा डोंगर चढण्याचा सराव, इमारतीच्या जिन्यावर. घरमालक हेंकआजोबा बटाट्यांनी भरलेली सॅक पाठीवर घेऊन पुढे, मी कोरोनाच्या नियमाप्रमाणे दीड मीटर मागे. या सपाट गावात टेकडी आणायची कुठून? आणि कॅनडातलं ते एल्क, सांबराहून थोराड हरीण, डोंगरातच सापडतं म्हणे. आजोबांची सत्तरीत पहिली शिकार, आयुष्यात एकदाच. विमानं सुरू झाली की निघणार.

संध्याकाळी तिकडच्या वाटाड्याचा व्हिडिओ कॉल होता. फोन धरून मीच बसलो होतो, म्हणजे कॅमेऱ्यामागे. त्यानं विचारलं, "बरोबर कोण येणार?"

"कोणी नाही. एकटाच," आजोबा म्हणाले.

खरंच आहे की ते. मग मला का लागलं एवढं? हॉटेलातलं काम सुटल्यापासून दुसऱ्या कुणाशी धड बोललो नाही, म्हणून? आई फोनवर विचारते, मित्र झाले का रे? मी हो म्हणतो. तो हो म्हणजे हा जिना आणि हे बटाटे.

कॉल संपल्यावर आजोबा म्हणाले, "मी गेलो की मांजराकडे बघशील ना?"

बघेन म्हणालो. मग तोंडातून निघूनच गेलं, "मी येऊ का बरोबर?"

"तू? तू तर अंडंही खात नाहीस."

"मारायला नाही. ओझं उचलायला."

ते मांजराला खाजवू लागले. मग म्हणाले, "मांजराचं शेजारणीला विचारावं लागेल."

मी खोलीत आलोय. विचारतील ना? शेजारणीकडे जायला त्यांनी बाहेरचं दार उघडल्याचा आवाज अजून आलेला नाही.