आजार : आहे / नाही

३ फेब्रुवारी, सोमवार

आजपासून तळोजा. प्रस्ताव असा – दहापेक्षा कमी माणसं असलेल्या कारखान्यांनीही प्रत्येक कामगाराचा आरोग्य विमा काढायचाच, हप्ता मालकानं भरायचा. असा नियम झाला तर कोणावर काय परिणाम होईल, पैशाचा आणि माणसांचा, ते आमच्या संस्थेनं शोधायचं. माझ्या वाट्याला चाळीस छोटे कारखाने.

चांगलं काम आहे! पप्पा आजारी होते तेव्हा असा नियम असता तर – जाऊ दे.

६ फेब्रुवारी, गुरुवार

आज रंगाची पावडर भरणारा कारखाना. नऊ माणसं, त्यात दोन बाया. दारातच नाकाला झोंबतं. केशरबाई, वय त्रेपन्न, पिशव्यांची तोंडं शिवतात. आधी काही बोलेचनात. सगळ्याला "बरंय की." मग त्यांनीच विचारलं, "गाव कोणतं गं तुझं?" जिंतूरकडचं म्हटल्यावर चेहराच उघडला. "मग आमचीच लेक की तू!"

मग सगळं सांगितलं. सात वर्षांपासून दमा. वरून साखर. औषधाचा पंप ब्लाउजमध्ये लपवून ठेवतात, सुपरवायझरच्या नजरेला पडू नये म्हणून. मी म्हटलं, मावशी, तुमचं नाव कुठे जाणार नाही. "तू म्हणतीस तर लिही."

लिहिलं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

एकतीस कारखाने झाले. बाया खरं सांगतात, पुरुष मान हलवतात.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

आमच्या संस्थेच्या वरद सरांना तक्ते घाईनं हवे होते. मालकांच्या संघटनेला हप्त्याचा अंदाज पाहिजे म्हणे. "कारखान्यानुसार वय आणि आजार, एवढंच. नावं काढून टाक." काढली. दुपारी पाठवून दिले. "वा, शुभदा, पटकन झालं!" म्हणाले.

५ मार्च, बुधवार

दोन प्रश्न राहिले होते म्हणून रंगाच्या कारखान्यात परत गेले. केशरबाईंच्या जागेवर एक विशीतली मुलगी. मी विचारलं, मावशी रजेवर आहेत का? सुपरवायझर कुंदन म्हणाला, "त्यांना थांबवलं, मॅडम. शेठ बोलले, उद्या नियम आला तर त्यांच्या एकटीच्या पायी सगल्यांचा हप्ता वाढनार. आमी काय करनार?"

पण आजाराचं कळलं कसं?

असं पाहिलं त्यानं माझ्याकडे! "तुमच्याच कागदात व्हतं की. इथं पन्नाशीपुढची बाई दुसरी कोन हाय?"

बसमध्ये वाशीपर्यंत तोच तक्ता मोबाइलवर पुन्हा पुन्हा उघडून पाहिला. नावं काढली होती मी. नऊ माणसांत नाव लागतं कशाला?

७ मार्च, शुक्रवार

दोन दिवस बाकीच्या कारखान्यांना फोन केले. आणखी अकरा जण कमी केलेत. सगळे आजारी, किंवा वयानं जास्त. नियम अजून आलेलाही नाही! वरद सरांना म्हटलं, हाच तर परिणाम आहे, अहवालात पहिल्या पानावर घ्या. ते शांतपणे म्हणाले, "आपण माहिती दिली. निर्णय त्यांचा. आणि कोणाला का काढलं याचा लेखी पुरावा आहे का तुझ्याकडे?"

नाही.

रात्री ताट तसंच बाजूला सारलं. आईनं विचारलं. डोकं दुखतंय म्हटलं.

९ मार्च, रविवार

केशरबाईंच्या घरी गेले. पत्ता फॉर्मवर होताच. कळंबोलीत एक खोली. मुलगा धम्मपाल टेम्पो चालवतो, तो बाहेर होता. सगळं सांगून टाकलं – तक्ता मीच केला, मीच पाठवला. बोलणं संपल्यावर त्यांचा श्वास तेवढा ऐकू येत होता. शिट्टीसारखा.

"मुद्दाम केलंस का?"

नाही म्हटलं.

"मग रडतीस काय? दुसरं काम बघ माझ्यासाठी."

त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

२८ मार्च, शुक्रवार

अहवाल गेला. 'नियमाचे सामाजिक परिणाम एकंदर सकारात्मक.' ते बारा जण त्यात नाहीत. खाली माझंही नाव आहे.

१ एप्रिल, मंगळवार

मिळालं काम! वाशीला मार्केटजवळच्या एका गोदामात, वाळल्या मिरच्यांचे देठ खुडायचे. मी म्हटलं, मावशी, दमा आणि मिरची? नको. "मग कुठलं देतीस?" त्यांना घेऊन गेले.

कंत्राटदार हुशार आहे. नियम येणारच म्हणून आत्तापासूनच सगळ्या बायांचा विमा काढतोय. त्याचा फॉर्म होता. दमा, साखर, रक्तदाब – आहे किंवा नाही, खूण करा. केशरबाईंना सहीपुरतं येतं. "तूच लिही. तुला कळतं काय लिहायचं ते."

'आहे' म्हटलं तर काम गेलं. मागच्या वेळी खरं लिहून काय झालं ते पाहिलंच.

नाही. नाही. नाही.

त्यांनी खाली सही केली, एकेक अक्षर जुळवत. रिक्षात बसताना माझा गाल कुरवाळला. महिन्याभरात पहिल्यांदा बरं वाटलं.

१९ एप्रिल, शनिवार

धम्मपालचा फोन. केशरबाई गोदामात कोसळल्या. आयसीयूत आहेत, ऑक्सिजन लावलाय. तो म्हणाला, "विमा हाय म्हणून मोठ्या हॉस्पिटलात आणलं, ताई. तुमच्यामुळं झालं."

कोणतं हॉस्पिटल ते विचारून फोन ठेवला.

२४ एप्रिल, गुरुवार

शुद्धीत आहेत. खुणेनं जेवलीस का विचारलं. डॉक्टरांनी धम्मपालला माझ्यासमोर विचारलं, "दमा किती वर्षांचा?" तो म्हणाला, "सात." त्यांनी कागदावर लिहून घेतलं. मला त्यांचं पेन धरावंसं वाटलं.

८ मे, गुरुवार

विमा कंपनीनं क्लेम नाकारला. आजार लपवला म्हणून. फॉर्म कोणी भरला याची चौकशी करायला उद्या माणूस येणार आहे. मी सांगितलं, मावशी, मी कबूल करते. त्यांनी माझा हात घट्ट धरला – "तुझी नोकरी जाईल. मीच लिहिलं म्हणते."

त्यांना लिहिता येत नाही. आणि मी अजून हो-नाही काहीच म्हटलेलं नाही.