खिडकीखालचं फडकं

सर, या वयात मला पुन्हा शाळेत घातलं होतं. आर्किटेक्टचा परवाना टिकवायचा तर आता ठरावीक तासांचं प्रशिक्षण सक्तीचं आहे. नाही केलं तर नकाशावर सही करायचा हक्क गेला. म्हणून शनिवारी जेवणं आटोपली की मी लॅपटॉपपुढे बसायचे आणि माझ्या मुलीच्या वयाची एक बाई मला शिकवायची. डुलकी लागू नये म्हणून मधूनमधून हजेरीचं बटण दाबायला लावायचे. तुम्ही असतात तर पहिल्याच तासाला चहा टाकायला उठला असतात.

खोटं कशाला बोलू, बाई शिकवायची चांगलं. एकदा म्हणाली, घर बांधून दिलं की काम संपत नाही, राहणाऱ्यांकडे परत जाऊन विचारायला हवं. त्यासाठी प्रश्नावली कशी करायची तेही दाखवलं. आणि मला पूर्णगडचं ते घर दिसायला लागलं. तुमच्या ऑफिसात मी नुकतीच लागलेली, आणि मी काढलेलं ते पहिलं घर. भर आषाढात तुम्ही मला एसटीत बसवून तिकडे नेता. पुढच्या अंगणातून न जाता माडांमधून वळसा घालून थेट मागीलदारी उभे राहता. छत्री निथळतेय. घरच्या वहिनी धडपडत उठतात.

“अगोबाई, सर! सांगून तरी यायचंत हो!”

“सांगून आलो असतो तर तुम्ही फडकी उचलली असतीत, वहिनी.”

तुमची ही रीतच होती. घर दिलं की पहिल्या पावसाळ्यात न सांगता मागीलदारानं जायचं. विचारलं तर माणसं भिडेखातर सगळं छान आहे म्हणतात. म्हणून विचारायचं नाही, जमिनीवर फडकं कुठे टाकलंय ते बघायचं. जिथे फडकं, तिथे आपलं चुकलं. त्या दिवशी ते माझ्या पश्चिमेच्या मोठ्या खिडकीखाली होतं. वहिनींसमोर तुम्ही अवाक्षर काढलं नाहीत, घावने खाल्लेत. परतताना एसटीत म्हणालात, “समुद्र दिसावा म्हणून खिडकी काढलीस. समुद्रालापण ती दिसते गो, एवढं विसरलीस.” पावसचा थांबा येईपर्यंत मी फुगून बसले होते. मग तुम्ही शेंगदाण्यांची पुडी पुढे केलीत.

प्रशिक्षणाच्या शेवटी एक काम होतं. आपण बांधलेल्या एका इमारतीतला दोष दुरुस्त करायचा आणि आधीचा-नंतरचा फोटो पाठवायचा. त्याशिवाय परवाना नाही. दोष शोधायला मला लांब जावं लागलं नाही. माझ्याच स्वयंपाकघराच्या खिडकीतून दर पावसाळ्यात पाणी यायचं. तुम्ही गेल्यावर बांधलं हे घर. खिडकीवरचा छज्जा वीतभर कमी पडलाय, हे पहिल्याच पावसात कळलं होतं. गवंड्याचं किरकोळ काम. “जगाची घरं बांधतेस, आणि आपल्या घरात तळं!” अशी ह्यांनी थट्टाही केली. मी मात्र दर वर्षी फडकं टाकायचे, पिळायचे, पुन्हा टाकायचे आणि मागीलदाराची कडी काढून ठेवायचे. सर, हे घर तुम्ही पाहिलेलं नाही. मला ते फडकं तुम्हाला दाखवायचं होतं, तुमची बोलणी खायची होती. पाणी थांबलं तर तुमचं यायचं कारणच संपेल, असं इतकी वर्षं वाटत राहिलं.

परवानाच सोडून द्यावा असंही मनात आलं. आता काम पुरे, असं ह्यांना सांगूनही टाकलं. पण मग मी कुणाच्या मागीलदारी कुठल्या तोंडानं जाणार होते? ती तुमची वाट मी अजून चालते, घर दिलं की पहिल्या पावसाळ्यात न सांगता जाते, आणि ती सोडवेना. मे महिन्यात गवंडी बोलावला. छज्जा वाढला. पावसाळा लागल्यावर नंतरचा फोटो पाठवला आणि परवाना पुढे चालू झाला. बाईनं शेरा मारलाय, उत्तम.

आज सकाळपासून धो धो लागलाय. खिडकीखालची फरशी ठणठणीत कोरडी आहे. हे पत्र पाठवायला पत्ता नाही, ते इथे ओट्यावरच राहील. एक तेवढं सांगते. मागीलदाराची कडी आजही काढून ठेवलीय, सर, आणि खिडकीखाली फडकं टाकलंय. कोरडंच.