इंग्रजीचा पेपर होईस्तोर

४ जानेवारी
सर म्हणले रोज पाच ओळी इंग्रजीत लिहा. दोन लिहिल्या, खोडल्या. मराठीतच लिहिते बाप्पा. वही माही, कोण पाहून राह्यलं.
बारावीचा इंग्रजीचा पेपर. तिसरा डाव. बाकीचे विषय कवाचेच निघाले, हे एकच हाडूक घशात अडकलं. अमडापूरच्या ट्यूशनात सगळे पोरं सतरा-अठराचे, मी बत्तीसची. मले काकू म्हणतात. आज एक पोरगी म्हणे, "काकू, आमच्यासंग कॉलेजले पण येसान का?" सगळे हासले. मीबी हासली. रडून काय करता.

५ जानेवारी
सकाळी मामाजीचं, माह्या सासऱ्याचं, आंग पुसलं, कूस बदलली, भाताची पेज भरवली. दिवाळीच्या आधी लकवा मारला त्याइले. उजवी बाजू गेली अन् बोलणंही गेलं. एकच शब्द राह्यला, हाव. भूक लागली का? हाव. भूक नाही का? हाव.
आत्याबाई म्हणतात, "उभ्या जन्मात या मानसानं माह्या एका गोष्टीले हाव म्हनलं नाही. आता पाह्य." (सासूचं नाव लय वेळा येईन, पुढं नुसतं आ. बा. लिहीन.)
मामाजी हासले. अर्ध्या तोंडानं.

९ जानेवारी
ट्यूशन. कॅन, मे, मस्ट, शुड, अन् त्याइचा कर्मणी प्रयोग. सर म्हणले, "आधी मस्ट, मंग बी, मंग क्रियापदाचं तिसरं रूप. याले अक्कल नाही लागत, सवय लागते." माह्याकडून 'बी' सुटते. दर वेळेस सुटते. पोरं खुसखुसले.
सरानं इचारलं, "वंदनाबाई, तुमच्या घरी असं कोणी आहे का जो स्वतः काहीच करत नाही, त्याचं सगळं दुसरेच करतात?"
म्हणलं, आहेत.
"मग त्यांच्यावर वाक्यं बनवा. सुटणार नाही."

१० जानेवारी
मामाजीची कूस बदलता बदलता मोठ्यानं म्हणली. मामाजी मस्ट बी टर्न्ड. मामाजी मस्ट बी फेड. मामाजी शुड बी वॉश्ड. मामाजी कॅनॉट बी लेफ्ट अलोन.
मामाजी, बरोबर हाय का? हाव.
'बी' एकदाही नाही सुटला. मले आनंद झाला, अन् मंग कसंतरी वाटलं. ज्या मानसानं अर्ध्या एकरात चाळीस वर्षं मेथी अन् सांबार-कोथिंबीर पिकवला, बाजारात कोणाचा एक बोल ऐकून घेतला नाही, त्याच्यावर मी मस्ट बी फेड लिहून राह्यली.

१६ जानेवारी
तिळगूळ द्यायले अंगणवाडीच्या बाई आल्या होत्या. उन्हाळ्यात त्याइची नोकरी संपते. जागा निघणार. बारावी पास पाहिजे अन् बाई याच गावची पाहिजे. "तुहं नशीब जोरात हाय वंदना, विधवेले गुण जास्त असते," म्हणे. असं नशीब.
मोठे दीर ओट्यावर बसून होते. त्या गेल्यावर आ. बा. ले म्हणले, "बाबा हायेत तवरिक राहू द्या तिले. मंग तिच्या भावाले बोलावू." मी आतच होती. मले ऐकू जावं म्हून मोठ्यानं बोलले का काय.
हे तीन वर्षांमागं चिखलीच्या रोडवर गाडीवरून पडून गेले. पोरबाळ नाही. तेरवीले सगळे म्हणे धाडून द्या हिले माहेरी. मामाजी एकटे उठले, "ती अठीच राहीन," म्हणले अन् जेवायले बसले. बारावीले त्याइनंच बसवलं. भाऊ वरवट बकाल गावाले राह्यते, दोन खोल्या, चार लेकरं, वहिनीचं तोंड. तिथं कुठी जाऊ मी?
पास झाली त माह्या हिमतीवर याच गावात राहीन. नाही झाली त मामाजीचा श्वास हाय तवरिकच.

२२ जानेवारी
तीन दिवस ताप. डॉक्टर म्हणे छातीत कफ झाला, वय आहे, काही सांगता येत नाही. दवाखान्यात नेऊ का म्हणलं त म्हणे, घरीच करा सेवा.
वांगे चिरता चिरता आ. बा. नं इचारलं, "पेपर कवा हाय तुहा?"
"दहा फेब्रुवारीले."
"मधात काही झालं त?"
मी फोडी पाण्यात टाकल्या.
"तेरवी होईस्तोर घरातली सून उंबरठ्याबाहेर पाय टाकत नाही. माही सासू गेली, तिसऱ्या दिवशी माही माय गेली. मायचं तोंड पाहाले जाऊ देल्लं नाही मले. रीत म्हंजे रीत."
असं म्हणून पुन्हा वांगे चिरून राह्यल्या. एकही किडकं निघालं नाही आज.
पुढचा पेपर जुलैत. अंगणवाडीची जागा माह्यासाठी जुलैलोक कोण ठेवीन?

२९ जानेवारी
ताप उतरला नाही. आज देवापुढं हात जोडले अन् तोंडातून निघालं, दहा तारखेलोक जगवा त्याइले. बरे करा नाही म्हणली. दहा तारखेलोक म्हणली.
लाज वाटते व माय. तोंडात चमचा घालते, खोकला आला का माहा जीव उडते. पण तो जीव त्याइच्यासाठी उडते का पेपरासाठी, मलेच समजत नाही.

३ फेब्रुवारी
ताप गेला! खिचडी खाल्ली. डाव्या हातानं माही वही ओढली, उलटी धरली, पाहत बसले. मामाजी मे बी केप्ट हॅपी, म्हणली मी. हाव.
शेवटची ट्यूशन झाली. पोरं म्हणे, "काकू, पेढे आणजा." आणीन रे मेल्यांनो.

७ फेब्रुवारी
ननंद आली सुलतानपूरहून. बापाजवळ बसली, रडली, संत्र्याचा रस पाजला. मामाजीही रडले. ती जाताना माहा हात धरून म्हणे, "वहिनी, जरा कमीजास्त वाटलं का लगेच फोन करजा. बाबाच्या तोंडात शेवटचं पाणी मले घालायचं हाय. एकुलती एक पोरगी हाओ मी." करीन म्हणली.
रात्री इचार आला, दहाच्या आधीच फोन करावा लागला त... नाही, काही नाही. झोपते.

१० फेब्रुवारी, सकाळ
मामाजी गेले.
आ. बा. वाडीत सांबार तोडाले गेल्या. दीर दुधाले. मी चहा घेऊन आली, चमचा लावला, चहा ओठावरून खाली आला. पाय थंडे. छातीले कान लावला. पुन्हा लावला.
बोंब मारायले तोंड उघडलं अन् पदर कोंबला तोंडात. एकदा ओरडली का संपलं. सगळं गाव येईन. तेरा दिवस.
ननंदेले फोन... हातात फोन हाय.
नऊचा ऑटो हाय चिखलीले, पेपर तिथंच.
मामाजीचं तोंड भिंतीकडं केलं. गळ्यालोक चादर. मामाजी माफ करा मले. मामाजी माफ करा.
आ. बा. च्या चपला वाजल्या

१२ फेब्रुवारी
लिहून टाकते. लिहिल्याशिवाय गळ्याखाली घास नाही जाणार.
आ. बा. ले म्हणली, "रातभर झोप नव्हती त्याइले. आताच डोळा लागला. उठवू नका." त्या खाटेपाशी गेल्या. उभ्या राह्यल्या. पायावरची चादर सरकली होती, ती सारखी केली. मंग म्हणल्या, "जाय. ऑटो निंघून जाईन." दह्याची वाटी पण देल्ली हातावर. मी चाटली. कशी चाटली देव जाणे.
पेपरात आला तोच प्रश्न, मस्टचा. लिहिला. 'बी' सुटला नाही. शेजारची पोरगी पेन मागे, देल्ला. वर पंखा फिरे. माह्या डोळ्यातून पाण्याचा टिपूस नाही निघाला. मानूस इतकं कडू होऊ शकते, मले माहीत नव्हतं.
घरी आली त आंगणात बाया. ननंद येऊन पडली होती खाटेशी. "माह्या बाबाच्या तोंडात पाणी पण नाही गेलं व माय! पाणी पण नाही गेलं!" मामाजीची दातखिळी बसली होती. आ. बा. नं गंगाजळाचा चमचा लावला होता म्हणे, तुळशीचं पान लावलं होतं, पण तोंड उघडलं नाही. सगळं पाणी गळ्यावरून उशीत गेलं. उशी ओली होती. मी हात लावून पाह्यला.
दिरानं इचारलं, "किती वाजता गेले?"
मी तोंड उघडणार, तं आ. बा. सगळ्या बायांपुढं म्हणल्या, "अकरा वाजता. मी पाशीच होती. पाणी आनाले उठली तवरिक गेले."
आंघोळ घालणारी म्हातारी आ. बा. कडं पाहत राह्यली. मंग मामाजीचा ताठलेला हात सरळ करू लागली.

१७ फेब्रुवारी
उंबरठ्याआत. आ. बा. माह्यासंग एक शब्द नाही बोलल्या. माहं ताट सरकवतात, तोंड फिरवतात. खाट बाहेर टाकली. सकाळी सहाले कूस बदलायले उठते अन् भिताड दिसते.
मी त्याइले मारलं नाही. मारलं नाही मी. पण त्याइच्या मरणातून तीन घंटे चोरले अन् त्याइच्या लेकीचं पाणी चोरलं.

२३ फेब्रुवारी
काल तेरवी झाली. आज दीर म्हणले, "हिच्या भावाले फोन लावू का मंग?"
आ. बा. म्हणल्या, "निकाल लागू दे."
नंतर चुलीपाशी मेथी निवडताना, तेरा दिवसांत पहिल्यांदा बोलल्या. माह्याकडं न पाहता. "चादर सारखी करताना पाय लागले मले. थंडेगार होते."
माहे हात थांबले. "मंग बोलल्या काऊन नाही?"
"मायच्या वेळेस मले कोनी जाऊ देल्लं नाही. म्हून तुले जाऊ देल्लं." लय वेळ देठं तोडत राह्यल्या. "पन माफ केलं असं समजू नको. तुले नाही अन् मलेबी नाही. माही पोरगी बोंबलून राह्यली होती अन् मी तिच्या तोंडावर खोटं बोलली."
मी रडली. त्या नाही रडल्या. म्हणल्या, "नापास झाली त माह्या नजरेपुढं राहू नको."

२ मार्च
दुपारी ननंदेचा फोन. तिले झोप येत नाही म्हणे. "वहिनी, आईनं सांगतलं ते खरं वाटत नाही मले. अकरा वाजता गेले त दातखिळी लगेच कशी बसन? सकाळी तुमीच होत्या ना पाशी. तुमी निंघाल्या तवा बाबा कसे होते? डोळे उघडे होते का?"
म्हणलं, रेंज नाही ताई, ऐकू येत नाही.
"उद्या मीच येते," म्हणे. "तुमच्या तोंडून ऐकायचं हाय."
आ. बा. ले सांगतलं. इचारलं, काय सांगू तिले? खरं सांगतलं त मी या घरातून जाईन अन् तुमी पोरीच्या मनातून जासान.
त्या भाकर थापून राह्यल्या होत्या. तव्यावर टाकली, पाणी फिरवलं. म्हणल्या, "मी माह्या वाट्याचं बोलली. आता तुह्या वाट्याचं तू पाह्य."
ननंद उद्या सकाळच्या गाडीनं येऊन राह्यली.