अकरा झाडांचा हिवाळा

सर, तुम्हाला पोहता येत नव्हतं हे मला तिसऱ्या ट्रिपला कळलं. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यालगतची केल्पची, म्हणजे उंच समुद्री शेवाळाची, रानं दर मोसमाला मोजणारे मोठे शास्त्रज्ञ तुम्ही, आणि बोटीच्या केबिनमध्ये उलटीची पिशवी धरून बसायचात. पाण्यात मी उतरायचे. तळाशी बांधलेल्या दोरीच्या कडेकडेने जायचं आणि खडकाला धरून पार वरपर्यंत वाढलेलं एकेक झाड पाटीवर नोंदायचं. मग फ्रीमाँटच्या मराठी मंडळींच्या पार्ट्यांत तुम्ही सांगणार, "आम्ही खाली असतो ना, तेव्हा थंडी हाडांत शिरते." लोक माना डोलवायचे. मला शिसारी यायची.

दोन हजार सहाच्या फेब्रुवारीत मोठं वादळ होऊन गेलं. मी खाली गेले तर रान नव्हतंच. उघडे खडक, आणि अख्ख्या दोरीवर उभी अकरा झाडं. दोनदा मोजली. तशीच ओल्या केसांनी तुमच्या घरी आले. तुम्ही किचनमध्ये उभ्या उभ्या चिवडा खाताय, पाटीकडे धड बघतही नाही.

"अकरा? केल्पचं रान स्टेबल आहे असं आपण लिहून बसलोय. गेल्या हिवाळ्याचे आकडे घे, थोडे कमी कर."

"सर, तिथे झाडंच नाहीत."

"नाहीत, की तुला दिसली नाहीत? तुझा व्हिसा माझ्या सहीवर आहे, विसरू नकोस."

काकू, तुमच्या मिसेस, दारातच थबकल्या. "चहा टाकू का गं?" एवढंच म्हणाल्या.

दोन दिवस मी तडफडले. तिसऱ्या दिवशी सांगितलंत तसं लिहिलं. तुम्ही ते आकडे कॉन्फरन्समध्ये पडद्यावर दाखवून टाळ्या घेतल्यात. दोन वर्षांनी तुम्ही गेलात, तेव्हा शोकसभेत कोणी तुम्हाला दर्यावर्दी म्हणालं. मी मागच्या रांगेत ओठ चावून हसू दाबलं. काकूंना भेटायलाही थांबले नाही.

आता त्याच पाण्यात मी माझे विद्यार्थी घेऊन जाते. परवा एकीने जुने आकडे बघून विचारलं, दोन हजार सहाला एवढं वादळ झालं, मग इथे झाडं फारशी कशी पडली नाहीत? मी म्हणाले, "डेटा जुना आहे. तू तुझं काम कर." तिने कागद मिटले. तुम्हाला हे पत्र पाठवायला पत्ता नाही. पण त्या आकड्यांची ती एक ओळ चुकीची आहे असं कळवायचं कुठे, हे मला पक्कं ठाऊक आहे. तिथेही मी इतक्या वर्षांत काही पाठवलेलं नाही.