पुंडलिकरावांच्या कुत्र्याचं कूळ

आंजी (मोठी),
११ डिसेंबर १९५५

तीर्थस्वरूप वासुदेवमामा यांस जयवंताचा साष्टांग नमस्कार.

आम्ही सारे खुशाल. आपलं गुडघ्याचं दुखणं आणि मामींचा राग, दोन्ही उतरले असतील अशी आशा आहे. माझ्या डाव्या टाचेला कुत्र्याचे दात लागले आहेत, पण जखम म्हणावी अशी नाही. तेच तर कोडं आहे.

इथल्या पुंडलिकरावांकडे सरदार नावाचा कुत्रा आहे. गोऱ्या जंगलसाहेबाच्या कुत्रीचा नातू, वाघावर सोडायची जात, असं ते गावभर सांगतात. (त्यांना गुलाब नावाची मुलगीही आहे. विषयाशी संबंध नाही.) पण हा वाघाचा वैरी मांजर दिसलं की वाट बदलतो, आणि मी घरावरून जाताना मात्र दबकत मागून येतो, टाचेला दात लावतो आणि मला हाकत त्यांच्याच दारात नेऊन उभा करतो. राग म्हणावा तर शेपूट हलते. लोभ म्हणावा तर दात लागतात. (त्या रस्त्याला माझं रोजचं जाणं केवळ मोकळ्या हवेसाठी.) कॉलेजात प्राणिशास्त्राचं एक पुस्तक अर्धं वाचलं होतं. (प्रोफेसरांशी वाजलं नसतं तर पुरं झालं असतं.) त्यातून एवढं कळतं की कुत्र्याच्या वागण्यात त्याचे वाडवडील बोलतात. तेव्हा माझं ठाम मत झालं: सरदारची आजी मेंढ्या वळणाऱ्या जातीची. त्याला मी माणूस दिसतच नाही, कळपातून फुटलेली मेंढी दिसते. हे मी पुंडलिकरावांना चारचौघांत सांगितलं. ते भडकले. "कुत्र्याची आजी सांगून राह्यला मले! आधी तू कॉलेजातून काऊन पळाला थे सांग." मीही भडकलो. म्हणालो, पळालो नाही, निघून आलो. (फरक आहे.)

परवा आर्वीहून गुलाबला पाहायला मंडळी आली. मी सहज कुंपणामागे उभा होतो. पोहे व्हायचे होते म्हणून मंडळी अंगणात पांगली, अन् सरदारच्या अंगात आजी आली. नवरदेव, त्याचा काका, दोन आत्या आणि कुंपणामागचा मी, सगळ्यांना गोळा करून त्यानं गोठ्यात कोंबलं आणि दारात आडवा पडला. म्हशीच्या आणि नवरदेवाच्या मधे मी. काकांना वाटलं, मी घरचाच. हळूच म्हणाले, "काहो, पोरगी कशी आहे? खरं सांगजा, आपल्यातच राहीन."

मामा, काय संधी होती! तिरळी आहे, तोंडाळ आहे, काहीही सांगता आलं असतं. पण तोंड उघडलं आणि खरंच बोलू लागलो. तिचं हसणं, चुलीपुढेही छापील कागद वाचायची खोड, समोरच्याच लाथाड म्हशीला गाणं म्हणून दूध द्यायला लावायची हातोटी... थांबताच येईना. मला भरून आलं. आत्यांनीही पदर डोळ्यांना लावला. गोठ्यातच पसंती झाली. माझ्या तोंडून! पुंडलिकरावांनी पाठीवर थाप मारली, "शिकला नाई, पण कामाचा निघाला लेका." तेव्हापासून मला काहीच समजेनासं झालं आहे. मुलींचा विषय मी सोडला. उरलेलं आयुष्य कुत्र्यांचा अभ्यास करीन. आपल्याकडे काही मागणं नाही.

आपला,
जयवंता

ता. क. पाकीट चिकटवत होतो, तेवढ्यात शकुबाई (पुंडलिकरावांकडे दळणकांडण करते) गुलाबचा निरोप सांगून गेली: "त्याले म्हणा, सरदारनं बिचाऱ्यानं इतक्यांदा दारात आणून उभा केला, अन् हा दर वेळी पाणी पिऊन जाते. आता मागणंबी कुत्र्यानंच घालावं काय?" मामा, हा टोमणा आहे की होकार? काही असो, साखरपुडा व्हायच्या आत निघून या आणि माझ्यासाठी रीतसर मागणी घाला.

ता. क. दुसरा: सरदार आपल्याला घ्यायला वळणापर्यंत येईल. पळू नका, हाकेल तसे चला. दारात पाणी मिळेल. तेवढंच पिऊन परतू नका.