न ओढता निघणारी पट्टी

४ मार्च, मंगळवार
नियामक मंडळाने माझा विषय परत पुढे ढकलला. दुसऱ्यांदा! कारण काय, तर 'वेळ अपुरा पडला'. वसतिगृहाच्या गळक्या छपरावर काथ्याकूट करायला वेळ होता, माझ्या पट्टीसाठी नाही.

नियम असा – विद्यापीठाच्या खोलीत, विद्यापीठाच्या विजेवर जे काही शोधलं जाईल ते आधी मंडळाचं. त्यांना वाटलं तर ठेवतील, विकतील. नको असलं तर ज्याने शोधलं त्याला परत. म्हणजे इतकी वर्षं प्रयोगशाळेत भांडी मी खरवडली, आणि भाजलेल्या जखमेवरून न ओढता, न रडवता निघणारी पट्टी कुणाची, हे ठरवणार लांबलचक टेबलाभोवती बसलेली मंडळी. कोमट पाणी ओतलं की आपोआप सुटते ती. माझी आहे. यात ठरवायचं काय?

६ मार्च
शेजारच्या खोलीतले भौतिकवाले सर चहाला आले. विद्यापीठात पान हललं तरी त्यांना कळतं.

"मॅडम, पंपवाल्यांचं आठवतंय ना?"

न आठवायला काय झालं? पंपवाल्या सरांचा पंप मंडळाने परस्पर एका कंपनीला दिला. तिकडून आलेला पैसा कुठल्या भगदाडात गेला देव जाणे. सरांना मिळाली दारावर पितळी पाटी. तीही हल्ली एका खिळ्यावर लोंबतेय.

उठताना हळूच म्हणाले, "खजिनदारांचा भाचा मलमपट्ट्यांच्या धंद्यात आहे म्हणे."

पाणी मुरतंय. नक्की मुरतंय.

७ मार्च
घरी नवऱ्याला सांगितलं. हा भाजी चिरत होता. "वाण्याने चुकून जास्त सुटे दिले तरी तुला संशय येतो," म्हणाला.

येतो. कारण दुसऱ्या दिवशी तो ते मागतोच.

११ मार्च, मंगळवार
आज बोलावलं एकदाचं! आधी बाहेरच्या बाकावर ताटकळत ठेवलं. दार उघडलं तर आतले सगळे एकदम गप्प. एकीने समोरचे कागद पालथे केले. मी पाहिलं ते.

खजिनदारांचा आवाज इतका मऊ की आम्ही त्यांना 'लोणी' म्हणतो. तर लोणी म्हणाले, "छान काम आहे. बाहेर कुणाला दाखवलंय का हे?"

"नाही."

"परिषदेत? विद्यार्थ्यांना?"

"नाही."

"घरी?"

घरी! ह्याचं कुकरला पोळलेलं बोट आठवलं. त्याच्यावर लावली होती. सांगितलं नाही. त्यांना काय करायचंय?

मग वकीलबाई बोलल्या – मंडळाच्या सल्लागार, चष्म्यावरून बघतात. "पेटंटचा अर्ज दाखल होईपर्यंत कुठेही बोलायचं नाही. एकदा उघड झालं की हक्क मिळत नाही. कुणालाच."

हा सरळ धाक झाला. मला गप्प बसवायचं, कागद तयार करायचे आणि सगळं भाच्याच्या घशात घालायचं. विचारलं, अर्ज कुणाच्या नावाने? सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. "ठरलं की कळवू."

बाहेर आले तर मघाच्याच बाकावर तिशीचा एक माणूस. एवढ्या उकाड्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट, मनगटाची बटणं लावलेली, मांडीवर बॅग. आतून लोण्याचा आवाज आला, "ये रे." – भाचा!

१२ मार्च
वर्गात तेच समीकरण दोनदा लिहिलं. मुलं हसली. राग मुलांवर काढला.

१४ मार्च, शुक्रवार
वकीलबाईंचा फोन. सगळ्या नोंदी द्या, सगळी प्रमाणं द्या, सोमवारी अर्ज जाणार. नाव कुणाचं? "सभेतलं मला बोलता येत नाही. अध्यक्षांची सही होऊ द्या." ताकास तूर लागू देतील तर शपथ!

भौतिकवाल्या सरांना सांगितलं. ते म्हणाले, "आपल्यात कसं आहे, जो आधी सांगेल त्याचं नाव. एकदा जगाने तुमच्या तोंडून ऐकलं की चोरणार कोण?"

उद्या विभागाचं खुलं व्याख्यान आहे. वक्ता आजारी पडलाय.

१५ मार्च, शनिवार
दिलं व्याख्यान. सगळं सांगितलं, काही राखून ठेवलं नाही. प्रमाणं, तापमान, कुठे फसले, कसं जमलं. कृत्रिम कातडीवर पट्टी चिकटवली, कोमट पाणी ओतलं, दोन बोटांनी उचलली. सभागृहात टाळ्या. संध्याकाळी विभागाने चित्रफीत जगजाहीर केलीसुद्धा.

आता म्हणावं, घ्या काय घ्यायचं ते. किती हलकं वाटतंय! घरी येऊन चक्क गुणगुणले. हा बघतच राहिला.

१७ मार्च, सोमवार
वकीलबाई स्वतः आल्या. खुर्ची दिली तरी बसल्या नाहीत. "का केलंत?"

मी तयारच होते. पंप, पाटी, पालथे कागद, भाचा – सगळं ऐकवलं. त्यांनी मध्ये तोडलं नाही.

"मंगळवारीच मंडळाने हक्क सोडला, मॅडम. पूर्ण तुमच्या नावाने. खजिनदार अडून बसले होते, पंपाच्या वेळी झालं ते पुन्हा नको म्हणून. भाच्याची कंपनी तुमच्याकडून रीतसर परवाना घेणार होती. रुग्णांवरच्या चाचण्यांचा खर्च त्यांचा. नात्यातला मामला, म्हणून अध्यक्षांची सही होईपर्यंत कुणी बोलायचं नाही असं ठरलं होतं."

"मग आता?"

"आता अर्जाला अर्थ नाही. पट्टी सगळ्यांची झाली. उद्या शेजारचा नक्कल करणार असेल तर चाचण्यांवर एवढा पैसा कोण घालेल?"

म्हणजे आता कुणीही बनवू शकतं. म्हणून कुणीच बनवणार नाही. धोंडा माझाच, पायही माझाच. लाज वाटते. भयंकर लाज वाटते.

ह्याला सांगितलं. माझ्यासाठी चहा टाकला. ओरडला असता तर बरं झालं असतं.

१९ मार्च
भाचा आला होता. भांडायला आला असणार म्हणून दार अर्धंच उघडलं. त्याने मनगटाचं बटण काढलं आणि बाही वर सरकवली. कोपराच्या वरपर्यंत कातडी मेण वितळून थिजल्यासारखी. लहानपणी भाजला होता. पट्टी बदलायच्या वेळी मामा त्याचे खांदे दाबून धरायचा.

कंपनीतले भागीदार मागे हटले, तेवढं सांगायला आला होता. तक्रार केली नाही. जाताना दारात थांबला.

"काढताना खरंच दुखत नाही, मॅडम?"

"नाही दुखत," मी म्हणाले.